गार्गीला चालत नाही

“आमच्या गार्गीला दुसऱ्याच्या डब्यातलं चालत नाही,” वैशंपायनबाई वर्गाच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या.

जूनचा पहिला आठवडा होता. माझ्या एका हातात हजेरीपट, दुसऱ्या हातात खडू, आणि मागे चौथी ‘ब’ची चाळीस पोरं एकमेकांच्या पाट्या-पेन्सिली पळवत होती. मी विचारलं, का चालत नाही? बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचं वय विचारलं होतं.

“चालत नाही. एवढंच लक्षात ठेवा.”

आणि पदर सावरून त्या निघून गेल्या. त्यांचे यजमान बँकेत होते, पुण्याहून बदली होऊन आमच्या तालुक्याच्या गावी आले होते. मी हजेरीपटात नाव लिहिलं, गार्गी वैशंपायन, आणि त्या आडनावाकडे बघून मनातल्या मनात म्हटलं, कळलं. का चालत नाही ते चांगलं कळलं.

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. तेव्हा मी तीस वर्षांची होते आणि मला सगळंच चटकन कळायचं. वडील सेवादलातले. आमच्या घरी गड्यापासून पाहुण्यापर्यंत सगळी एका पंगतीला बसत, आणि त्याचा मला भलता अभिमान होता. तो मी शाळेतही घेऊन आले होते. दर बुधवारी मधल्या सुट्टीत माझ्या वर्गाची अंगतपंगत व्हायची. तिचे नियम मी केलेले. हजेरीच्या क्रमानं गोल बसायचं, म्हणजे कोण कुणाशेजारी हा प्रश्नच नको. मग प्रत्येकानं आपल्या डब्यातला एक घास डावीकडच्याला द्यायचा आणि उजवीकडच्याचा घ्यायचा. गोल कुठं तुटता कामा नये. पहिल्या वर्षी चार पालक भांडायला आले, त्यांना मी पुरून उरले. मुख्याध्यापक भोसगे सर प्रत्येक वेळी एकच वाक्य म्हणायचे, “तौरबाई, जाऊ द्या ना.” मी काही जाऊ दिलं नाही.

गार्गीच्या उजवीकडे करुणा वाघमारे बसायची. वाघमारे, वैशंपायन, हजेरीनंच तशी गाठ घातली होती. करुणा गावाबाहेरच्या वस्तीतली. तिची आई कौसाबाई शेंगा फोडायच्या कारखान्यात कामाला होती. पोरगी बोलायला कमी, पण तिचा डबा फार नीटस असायचा. पातळ भाकरीची चतकोर घडी आणि कोपऱ्यात लालभडक चटणी. पहिल्या बुधवारी करुणानं भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर चटणी घातली आणि हात डावीकडे केला.

“मला चालत नाही,” गार्गी म्हणाली.

करुणानं तो घास परत आपल्या डब्यात ठेवला. आणि गार्गीनं आपल्या गुळांब्याच्या पोळीचा तुकडा मोडून डावीकडच्या शिंद्याला दिला. म्हणजे द्यायला चालत होतं, घ्यायला चालत नव्हतं. माझं पित्त खवळलं. हा हिशोब मला पाठ होता. माझ्या वडिलांनी आयुष्यभर ज्याच्याशी भांडण केलं तोच हा हिशोब, आणि तो दहा वर्षांची पोर माझ्या वर्गात बसून करत होती.

जुलै असाच गेला. दर बुधवारी करुणा हात पुढे करायची आणि घास परत डब्यात ठेवायची. मी तिला एकदा म्हटलं, तू नको देत जाऊस, तर म्हणाली, “गोल तुटतो की बाई.” मग माझा राग आणखी वाढला. मी गार्गीला समजावून पाहिलं, गोष्टी सांगून पाहिल्या, एकदा तर सगळी माणसं एक या विषयावर अख्खा तास घेतला. ती शहाण्यासारखी ऐकायची, प्रश्नांची बरोबर उत्तरं द्यायची, आणि बुधवारी पुन्हा तेच. मला चालत नाही. वैशंपायनबाईंना दोनदा बोलावणं धाडलं. एकदा आल्या नाहीत. एकदा आल्या आणि म्हणाल्या, “मी सांगितलंय तुम्हाला,” आणि गेल्या.

ऑगस्टच्या तिसऱ्या बुधवारी मी ठरवूनच बसले. माझा डबा घेऊन गार्गीच्या बरोबर समोर. करुणानं घास मोडला, हात पुढे केला.

“गार्गी, आज घे,” मी म्हटलं. “मी सांगतेय.”

गार्गीनं घासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बाई, त्यात काय आहे?”

“काय आहे म्हणजे? भाकरी आहे. माणसं खातात ती.”

गार्गीनं करुणाकडे वळून हळूच विचारलं, “दाणे आहेत?”

करुणानं घास तिच्या डोळ्यांसमोर धरला. “दाणे न्हाईत. चटणी हाय नुसती. बघ की.”

खरंच होतं तिचं. दाणा कुठं दिसत नव्हता. आमच्या भागात दाणे म्हणजे अख्खे दाणे, भाजलेले, खिशात घालून खायचे. कुटून चटणीत गेले की ती चटणी. भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, उपासाच्या खिचडीत कूट, त्याला दाणे घातले असं कुणी म्हणत नाही. पाणी घातलं असंही कुणी सांगत नाही, तसंच ते. आज हे मला इतकं स्पष्ट दिसतं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं, की एक मुलगी दुसरीच्या घासाची तपासणी करतेय.

“खा,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

गार्गीनं घास घेतला, तोंडात घातला, चावला, गिळला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. करुणा हसली. तीन महिन्यांत मी तिला पहिल्यांदा अशी दात दाखवून हसताना पाहिलं, आणि मला वाटलं, जिंकले.

जेमतेम दोन मिनिटं झाली असतील. गार्गी घसा खाजवल्यासारखा आवाज करायला लागली. मग ओठ चोळायला लागली. म्हणाली, “बाई, मला डॉक्टरकडे न्या.”

मी तिला काय म्हणाले ते मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही. मी म्हणाले, “नाटकं बंद कर.”

“बाई, आत्ता न्या,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. मानेवर गांधी उठल्या होत्या, माझ्या देखत एकीतून दुसरी उठत होती. ओठ सुजून वेगळीच मुलगी दिसायला लागली. श्वास घेताना शिट्टीसारखं वाजत होतं. तेव्हा कुठं माझे हातपाय हलले. तिला उचललं आणि अनवाणी रस्ता ओलांडून समोर डॉक्टर हंचाट्यांच्या दवाखान्यात पळत गेले. बाकावर बसलेले पेशंट आपणहून उठले. डॉक्टरांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मला विचारलं, “दाणे खाल्ले का हिनं?”

त्यांना माहीत होतं! मी म्हटलं, नाही, चटणी खाल्ली, करुणाची. म्हणाले, “चटणी कशाची?” आणि उत्तराची वाट न बघता इंजेक्शन भरलं.

त्यानंतरचा वेळ मी मोजलेला नाही. तिची छाती वर-खाली होत होती तिकडे बघत मी भिंतीला टेकून उभी होते, आणि ती शिट्टी हळूहळू कमी झाली. थोड्या वेळानं गार्गीनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. मी खाली फरशीवरच बसले.

वैशंपायनबाई आल्या. आधी मुलीजवळ गेल्या, तिच्या गळ्याला हात लावला, डॉक्टरांशी दोन शब्द बोलल्या. मग मला ओसरीवर बोलावलं. मला वाटलं आता त्या मला मारणार, आणि मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

“मी तुम्हाला सांगितलं होतं.”

“चालत नाही म्हणालात,” मी म्हटलं. “दाणे खाल्ले की जीव जातो असं नाही म्हणालात. मला वाटलं—”

“काय वाटलं ते मला माहितीये. सगळ्यांना तेच वाटतं.” त्यांनी आवाज खाली आणला. “लोकांना तेच वाटावं, हेच मला हवं होतं.”

मला कळेना. मग त्या एका दमात बोलल्या. पुण्यात होत्या तेव्हा सगळ्यांना खरं सांगायच्या. मग नातेवाइकांत, वाड्यात, शाळेत चर्चा सुरू झाली, मुलीला काहीतरी आहे. फिट्स येतात म्हणे. कुणी म्हणालं, एवढंसं देऊन बघा, सवय होईल, आणि सख्ख्या नणंदेनं लाडवातून देऊन बघितलंसुद्धा. मुलीची जात, उद्या स्थळं बघताना हेच पुढे येणार. बदली झाली तेव्हा ठरवलं, नव्या गावात एकट्या डॉक्टरांना सोडून कुणाला सांगायचं नाही.

“‘चालत नाही’ म्हटलं की आमच्या आडनावाला कुणी पुढचं विचारत नाही हो,” त्या म्हणाल्या. “शिव्या देतात मनातल्या मनात. देऊ देत. पण लांब राहतात. गार्गी सुरक्षित राहते.”

या बाईनं मुलीला वाचवायला सोवळं पांघरलं होतं, आणि मी ते सोवळं फाडायला निघाले होते. दोघी आपापल्या जागी अगदी बरोबर होतो, आणि दोघींच्या मध्ये मुलगी मरता मरता राहिली. मला दोघींचाही संताप आला.

पण खरा प्रकार मला कळला तो दुसऱ्या दिवशी. वर्गात गेले तर करुणा शेवटच्या बाकावर एकटी. शेजारची दोघं उठून पुढे जाऊन बसलेली. मधल्या सुट्टीत ती डबा न काढता नळाकडे गेली, पाणी प्यायली आणि तिथंच उभी राहिली. मी जवळ गेले.

“बाई,” ती म्हणाली, “माझ्या भाकरीनं झालं ना?”

“भाकरीनं नाही गं. दाण्यांनी.”

“मीच म्हन्ले दाणे न्हाईत.” आणि मग खाली बघून, “पोरं म्हनत्यात, आमच्या घरचं खाल्लं की असंच होतंय.”

मी वर्गात येऊन सगळ्यांना सांगितलं. फळ्यावर शेंग काढली, दाणा काढला, काही माणसांना तो कसा बाधतो ते समजावलं. झाल्यावर पहिल्या बाकावरचा आवटे हात वर करून म्हणाला, “बाई, मी रोज दाणे खातो, मला काय होत न्हाई. भाकरीचंच असंल.” पोरांनी माना डोलावल्या. कितीही सांगा, दाण्यानं माणूस मरतो हे आमच्या गावात कुणाच्या डोक्यात शिरणं शक्य नव्हतं. करुणाच्या घरचं खाऊन काहीतरी होतं, हे मात्र ताबडतोब शिरलं. त्याला जागा आधीपासून तयार होती. आणि ते त्यांच्या डोळ्यांदेखत घडवून दाखवलं होतं मी. माझ्या अंगतपंगतीनं.

भोसगे सर म्हणाले, तौरबाई, आता तरी जाऊ द्या. मी पुढच्या बुधवारची पंगत बंद ठेवली. करुणा डबाच आणेनाशी झाली. विचारलं तर म्हणायची, पोट दुखतंय.

गार्गी आठ दिवसांनी शाळेत आली त्या संध्याकाळी मी वैशंपायनांच्या घरी गेले. बाईंनी चहा विचारला, मी नको म्हटलं. सांगितलं, तुम्ही वर्गात येऊन बोला. तुमच्या तोंडून ऐकलं तरच पोरं ऐकतील. त्या नाहीच म्हणाल्या. मुलीचं पुढं काय, गाव लहान आहे, उद्या लग्न ठरताना हेच कुणीतरी—

“तुमच्या मुलीचं लग्न पंधरा वर्षांनी आहे,” मी म्हटलं. “करुणाचा डबा उद्या आहे.”

गार्गी आतल्या दाराशी उभी होती. ती त्रासून म्हणाली, “आई, सांग ना गं एकदाचं. मला रोज रोज खोटं बोलायचा कंटाळा आलाय.”

मंगळवारी दुपारी वैशंपायनबाई माझ्याबरोबर वस्तीत आल्या. कौसाबाई नुकतीच कामावरून आली होती. आम्हाला दोघींना दारात बघून ती उभीच राहिली, आणि आम्ही बोलायच्या आधीच म्हणाली, “लेकराला सांगितलंय म्या. न्हाई देणार कुणाला काय.”

वैशंपायनबाईंनी सगळं सांगितलं. ओसरीवर सांगितलं होतं तसंच, लग्नाच्या भीतीपर्यंत, काहीही न लपवता. कौसाबाईनं ऐकून घेतलं. मग तिच्या डोक्यात तिडीक गेलेली मला स्पष्ट दिसली.

“आवो, मग आदी बोलायचं न्हाई का?” ती म्हणाली. “शेंगांचं येवढंच ना? कारळाची चटणी करून दिली असती. जवसाची दिली असती. माझं लेकरू धा-बारा दिस उपाशी जातंय शाळेला.” मग माझ्याकडे वळून, “आन् बाई, तुम्ही तरी इचारायचं.”

मी खाली मान घातली. त्या दिवसापर्यंत मला कुणी असं बोललं नव्हतं, आणि बोलायला हवं होतं.

कारळं गार्गीला चालत होती, घरी खायची. पण पुढचा पेच लगेच उभा राहिला. कौसाबाईच्या घरचा खलबत्ता शेंगांचा. तव्यावर शेंगा भाजलेल्या. कितीही धुतला तरी नको, असं वैशंपायनबाई म्हणायला गेल्या आणि मध्येच थांबल्या. आपण काय म्हणतोय हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. तुमचं भांडं चालत नाही! खरं असूनही तोंडातून बाहेर काढता येईना असं वाक्य. मी तर रडायच्या बेतात आले.

कौसाबाईनंच ते सोडवलं. “मग तुमच्याच खलबत्त्यात कुटते की. तुमच्या घरी येऊन. चला.”

तिघी पायी गेलो. स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन कौसाबाई थबकली. आपल्या हातांकडे बघून म्हणाली, “शेंगातनं आलेय. आदी हात धुते.”

वैशंपायनबाईंनी तांब्या भरून आणला. मोरीशी कौसाबाई वाकली आणि दोन्ही हातांची ओंजळ करून खाली धरली. वरून पाणी पडेल, लांबून, अशी ती धरली होती. ती ओंजळ मी माझ्या गावात हजार वेळा पाहिली होती.

वैशंपायनबाई तांब्या हातात धरून क्षणभर नुसत्या उभ्या राहिल्या. मग त्यांनी तो खाली ठेवला, पदर खोचला, आणि कौसाबाईचा उजवा हात आपल्या हातात घेतला. साबण लावला. एकेक बोट, एकेक नख, ब्रशनं घासायला लागल्या.

“नखांत राहतं,” त्या पुटपुटल्या. “पाण्यानं नुसतं जात नाही ते.”

दुसरा हात कौसाबाईनं आपणहून पुढे केला. धुऊन झाल्यावर तिनं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे बघून विचारलं, “आत चालंल?”

“चालेल,” वैशंपायनबाई म्हणाल्या. आणि मग नेहमीच्या त्रासलेल्या आवाजात, “पण पदर झटकू नका आत. त्याला शेंगांचा भुगा असेल. थांबा, माझं लुगडं देते.”

बुधवारी सकाळी त्या वर्गात आल्या, फळ्याजवळ उभ्या राहिल्या, पोरांना सगळं सांगितलं. आवटेनं हात वर केला. त्या म्हणाल्या, “तू दाणे खा, तुला काही होणार नाही. हिला होतं. भाकरीचा संबंध नाही. काल करुणाच्या आईनं आमच्या घरी चटणी कुटली, ती आमच्याकडे रात्री सगळ्यांनी खाल्ली.” आवटे खाली बसला.

मधल्या सुट्टीत गोल केला. मी या वेळी समोर बसले नाही, बाजूला बसले, पण डबा उघडूनही हात चालेना. करुणानं दोन आठवड्यांनी पहिल्यांदा डबा उघडला. भाकरी वैशंपायनबाईंच्या तव्यावर झालेली होती. तुकडा मोडला, चटणी घातली आणि हात पुढे करण्याआधी एकदा आजूबाजूला पाहिलं. सगळा वर्ग बघत होता.

“काय आहे त्यात?” गार्गीनं विचारलं.

“कारळं, लसूण, मिरची, मीठ,” करुणा म्हणाली. “दाणे न्हाईत. कूट न्हाई. तेल करडीचं.”

गार्गीनं नीट ऐकलं, मान हलवली. मग माझ्याकडे वळली आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, “बाई, अशा बघत बसू नका ना. जेवा तुम्ही.”

मी खाली बघून घास मोडला, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहतच राहिले. करुणाचा हात डावीकडे गेला. मागे आला तेव्हा रिकामा होता.